सॉलिटेअरचे पत्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी शब्द ठरवून घेऊ, नाहीतर पुढे गोंधळ होतो. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही चार ‘चिन्हं’. ‘रंग’ म्हटलं की फक्त लाल किंवा काळा. टेबलावर उभी मांडलेली पत्त्यांची ओळ म्हणजे ‘रांग’. एक्क्यापासून राजापर्यंत चढत जाणारे चार ढीग म्हणजे ‘एक्क्याचे ढीग’. वाटून उरलेले पालथे पत्ते म्हणजे ‘गड्डी’, आणि तिच्यातून उलटून टाकलेल्यांचा ‘उघडा ढीग’.

पेशन्स आणि सॉलिटेअर हे वेगवेगळे खेळ आहेत का?

नाही. ब्रिटनमध्ये पेशन्स म्हणतात, अमेरिकेत सॉलिटेअर. आपल्याकडे जुनी माणसं पेशन्स लावतात आणि कॉम्प्युटरवर शिकलेली सॉलिटेअर खेळतात. पण यातलं कुठलंच नाव एका खेळाचं नाही. एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या सगळ्या खेळांना मिळून ते नाव आहे. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आलेला आणि ऑफिसाऑफिसांत पोचलेला ‘सॉलिटेअर’ हा त्यातला एक. त्याचं खरं नाव क्लोंडाइक.

मग ब्रेनविटालाही सॉलिटेअर का म्हणतात?

तोही एकट्याचा खेळ म्हणून, एवढंच. ३३ खळगे, ३२ गोट्या, एकीवरून दुसरी उडवायची आणि शेवटी मधल्या खळग्यात एकच उरवायची. पत्त्यांशी त्याचा काही संबंध नाही. अंगठीतल्या सॉलिटेअरचाही नाही.

अगदी नवख्याने कुठून सुरुवात करावी?

क्लोंडाइकपासून, आणि गड्डीतून एकेक पत्ता उघडण्याच्या सोप्या प्रकारापासून. बदाम सात खेळलेल्या माणसाला अर्धा खेळ आधीच येत असतो. तिथे सत्तीपासून वर-खाली लावत जातो, इथे एक्क्यापासून फक्त वर. क्लोंडाइक हातात बसला की फ्रीसेल घ्या, स्पायडर त्यानंतर. लहान मुलांना गोल्फ किंवा घड्याळ द्या.

क्लोंडाइक नेमका मांडायचा कसा?

एक कॅट, जोकर काढून ५२ पत्ते. डावीकडून उजवीकडे सात रांगा: पहिलीत १ पत्ता, दुसरीत २, असं सातवीत ७. प्रत्येक रांगेतला शेवटचा पत्ता उघडा, बाकी पालथे. म्हणजे मांडणीत २८ पत्ते, त्यांतले २१ पालथे, आणि हातातल्या गड्डीत २४. ही २४ मोजून घ्या. २३ किंवा २५ निघाले तर वाटप चुकलंय, आणि ते डावाच्या मध्यावर कळण्यात काही मजा नाही.

रांगांमध्ये उतरत्या क्रमाने, रंग आलटून-पालटून लावायचं: काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी, तिच्यावर काळी सत्ती. लावलेली माळ एकत्र उचलून हलवता येते. पालथा पत्ता मोकळा झाला की उलटायचा. रिकाम्या रांगेत फक्त राजा, किंवा राजापासून सुरू होणारी माळ. एक्का मिळाला की वर ठेवायचा, त्याच्यावर त्याच चिन्हाची दुर्री, तिर्री, असं राजापर्यंत. चारही ढीग राजापर्यंत पोचले की डाव सुटला.

माझा क्लोंडाइक नेहमी मध्येच अडकतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा तीन गोष्टी.

पहिली: दिसेल ती चाल करणं. एखादी चाल केल्याने पालथा पत्ता उलटत नसेल, रांग रिकामी होत नसेल आणि दुसऱ्या कुठल्या पत्त्याला जागाही मिळत नसेल, तर ती करू नका. दोन चाली समोर असतील तर ज्या रांगेत पालथे पत्ते जास्त आहेत ती आधी उपसा. पाचवी, सहावी आणि सातवी रांग मिळून १५ पालथे पत्ते दाबून बसलेल्या असतात. डाव अडतो तो बहुधा तिथेच.

दुसरी: राजा हाताशी नसताना रांग रिकामी करणं. राजाशिवाय ती जागा नुसती पडून राहते. दोन राजे तयार असतील तर आधी राण्या आणि गुलाम बघा. समजा बदामचा आणि इस्पिकचा राजा दोन्ही मिळण्यासारखे आहेत, चौकटची राणी उघडी आहे आणि ती हलली की तिच्याखालचा पालथा पत्ता सुटणार आहे. मग इस्पिकचाच राजा आणा. लाल राणीला काळाच राजा लागतो. बदामचा आणला तर ती राणी तिथेच बसून राहील.

तिसरी: पत्ते वर पाठवायची घाई. एक्का आणि दुर्री बिनधास्त वर न्या, खाली त्यांचा उपयोग नाही. तिर्रीपासून पुढे जरा थांबा. लाल पंजी खाली कशासाठी हवी असते? काळ्या चव्वीला बसायला. म्हणून दोन्ही काळ्या चव्व्या वर गेल्या असतील तर लाल पंजी निर्धास्त वर जाऊ शकते. एक जरी चव्वी बाहेर असेल तर पंजी नेण्याआधी विचार करा. चारही ढीग साधारण बरोबरीने चढवत न्या. एक ढीग दश्शीपर्यंत आणि दुसरा दुर्रीवरच, असं झालं की रांगांमध्ये एका रंगाचा दुष्काळ पडतो.

वर गेलेला पत्ता परत खाली आणता येतो का?

बहुतेक नियमांत येतो आणि कधीकधी डाव त्यानेच वाचतो. विंडोजच्या जुन्या गुणपद्धतीत मात्र त्याचे १५ गुण कापले जात. पत्ता वर नेला की १० गुण, पालथा उलटला की ५. वेगास पद्धतीत हिशोब डॉलरचा: डाव घ्यायला ५२, वर गेलेल्या प्रत्येक पत्त्याला ५ परत. म्हणजे १० पत्त्यांपर्यंत तोटा आणि अकराव्याला ३ डॉलर फायदा.

तीन-तीन पत्ते उघडायच्या प्रकारात हवा तो पत्ता कधीच वर येत नाही. काही युक्ती आहे का?

आहे. २४ पत्त्यांच्या गड्डीतून तीन-तीन उलटले की वर दिसतात ते ३, ६, ९, १२, १५, १८, २१ आणि २४ क्रमांकाचे, एकूण आठ. एकही न उचलता गड्डी पुन्हा फिरवली तर तेच आठ पुन्हा दिसणार, शंभर वेळा फिरवा.

आता सहावा पत्ता उचलला असं धरा. पुढच्या फेरीत सहाव्यानंतरचं सगळं एका घराने सरकतं: वर येतात ३, ७, १०, १३, १६, १९, २२ आणि २४. सहाव्याबरोबर त्याच्या खालचा पाचवाही उचलला तर येतात ३, ८, ११, १४, १७, २०, २३ आणि २४. आणि चौथाही उचलला, म्हणजे एकाच जागचे तीन गेले, तर पुढचे पुन्हा ९, १२, १५… जुनेच. तेव्हा एका ठिकाणचे तिन्ही पत्ते सलग उचलायची संधी आली की हुरळून जाऊ नका. एक किंवा दोन उचलल्यावर खेळ बदलतो, तीन उचलल्यावर बदलत नाही. तसंच गड्डीच्या सुरुवातीचा पत्ता उचलला तर पुढचं जवळजवळ सगळं सरकतं, शेवटचा उचलला तर काहीच नाही. म्हणून पहिली फेरी शक्यतो काही न उचलता, नुसती बघण्यासाठी फिरवा. फेऱ्यांवर मर्यादा असेल तर अर्थात हे परवडत नाही.

प्रत्येक क्लोंडाइक सुटतोच का?

नाही. तीन-तीन पत्ते, गड्डी कितीही वेळा फिरवायची मुभा आणि पालथे पत्ते आधीच माहीत आहेत असं धरून कॉम्प्युटरने काढलेला आकडा सुमारे ८२ टक्के आहे. आपल्याला पालथं काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून खूपच कमी डाव सुटतात. पाचातले चार हरलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. काही ॲपमध्ये ‘सुटणारेच डाव’ असा पर्याय असतो. शिकताना तो चालू ठेवा, कारण मग चूक पत्त्यांची होती की आपली हा वाद उरत नाही.

फ्रीसेल नशिबाचा खेळ नाही असं म्हणतात, ते का?

कारण ५२ च्या ५२ पत्ते पहिल्यापासून उघडे असतात. आठ रांगा: पहिल्या चार सात-सात पत्त्यांच्या, उरलेल्या चार सहा-सहांच्या. गड्डी नाहीच. बाजूला चार मोकळी घरं, प्रत्येकात एक पत्ता तात्पुरता ठेवता येतो. रांगांत क्लोंडाइकसारखंच उतरत्या क्रमाने, रंग आलटून लावायचं, पण रिकाम्या रांगेत कोणताही पत्ता चालतो.

हा खेळ पॉल अल्फिल यांनी १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या कॉम्प्युटर यंत्रणेवर आणला. पुढे विंडोजवरच्या आवृत्तीत १ ते ३२,००० असे क्रमांक दिलेले डाव होते. १९९४-९५ मध्ये इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांनी ते आपसांत वाटून घेऊन सोडवले. उरला एकच: ११९८२. कॉम्प्युटरनेही तो सुटत नाही असाच निर्वाळा दिला. नंतर दहा लाखांपर्यंत क्रमांक वाढले, त्यांत न सुटणारे फक्त आठ निघाले. उणे १ आणि उणे २ हे क्रमांक टाकले तर येणारे डाव मुद्दाम न सुटणारे बनवलेले होते. तेव्हा फ्रीसेल अडला की दोष जवळपास नेहमी आपलाच असतो.

फ्रीसेलमध्ये एका वेळी किती पत्ते हलवता येतात?

नियमाने एकच. ॲप माळ एकदम हलवतं तेव्हा ते मोकळ्या घरांचा वापर करून एकेकच पत्ता हलवत असतं, फक्त भराभर. हिशोब असा: मोकळ्या घरांची संख्या अधिक एक, आणि प्रत्येक रिकाम्या रांगेमागे ते दुप्पट.

दोन घरं मोकळी आणि एक रांग रिकामी असेल तर तीन दुणे सहा. नव्वीपासून चव्वीपर्यंतची सहा पत्त्यांची माळ दुसऱ्या दश्शीवर न्यायची आहे. चव्वी आणि पंजी घरांत ठेवा, छक्की रिकाम्या रांगेत, तिच्यावर पंजी आणि चव्वी परत बसवा. घरं पुन्हा मोकळी झाली. आता सत्ती आणि अठ्ठी घरांत, नव्वी दश्शीवर, मागोमाग अठ्ठी, सत्ती. मग चव्वी-पंजी घरांत, छक्की सत्तीवर, पंजी, चव्वी. झालं.

माळ रिकाम्या रांगेतच न्यायची असेल तर ती रांग हिशोबात धरायची नाही. वरच्या उदाहरणात मग सहा नाही, तीनच. ‘जागा असून ॲप का हलवू देत नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

फ्रीसेलची सुरुवात कशी करावी?

पहिली दोन मिनिटं पत्त्याला हात लावू नका. चारही एक्के आणि चारही दुर्र्या कुठे, किती खोल आहेत ते शोधा. एखादा एक्का सात पत्त्यांच्या रांगेत तळाशी असेल तर तीच रांग तुमचं पहिलं काम. घरं शेवटचा उपाय म्हणून वापरा. तीन भरली की वरच्या हिशोबाने तुमची ताकद दोन पत्त्यांवर येते, चौथं भरलं की एकावर. रिकामी रांग घरापेक्षा मोलाची, कारण ती ताकद दुप्पट करते. म्हणून रांग रिकामी झाल्या झाल्या तिच्यात पहिला दिसेल तो पत्ता टाकू नका.

स्पायडर कसा मांडतात?

दोन कॅट, १०४ पत्ते, दहा रांगा. पहिल्या चार सहा-सहा पत्त्यांच्या, उरलेल्या सहा पाच-पाचांच्या, म्हणजे ५४. फक्त शेवटचा पत्ता उघडा. उरलेले ५० पाच वेळा, दर वेळी प्रत्येक रांगेवर एक असे वाटायचे. लावताना चिन्ह पाहायचं नाही, फक्त उतरता क्रम. पण उचलताना पाहायचं: एकाच चिन्हाची सलग माळच एकत्र हलते. राजापासून एक्क्यापर्यंत एका चिन्हाचे तेरा जमले की ते डावातून बाहेर. असे आठ संच.

एकही रांग रिकामी असेल तर नवे दहा वाटता येत नाहीत. आधी तिथे काहीतरी ठेवावं लागतं. बटण दाबून काहीच होत नसेल तर रांगा बघा, ॲप बिघडलेलं नाही.

स्पायडरमध्ये चालींचा क्रम महत्त्वाचा का?

इस्पिकची सत्ती, बदामची छक्की आणि किलवरची पंजी तीन वेगवेगळ्या रांगांच्या टोकाला आहेत असं धरा. आधी पंजी छक्कीवर टाकली तर चिन्हं वेगळी असल्यामुळे ती जोडी उचलता येणार नाही आणि छक्की सत्तीवर न्यायचा रस्ता बंद. आधी छक्की सत्तीवर, मग पंजी छक्कीवर, असं केलं तर दोन रांगांखालचे दोन पत्ते मोकळे झाले. म्हणजे वेगळ्या चिन्हांची जोडणी करताना मोठा पत्ता आधी हलवायचा.

इस्पिकच्या सत्तीला इस्पिकची आणि बदामची अशा दोन अठ्ठ्या मिळत असतील तर डोळे मिटून इस्पिकची. वाटण्याआधी शक्य तेवढे पालथे पत्ते उलटून घ्या, कारण नवे दहा पत्ते जमलेल्या माळांवर येऊन बसतात. रिकामी रांग मिळाली तर ती आधी पत्ते तात्पुरते ठेवून माळा एका चिन्हाच्या करून घ्यायला वापरा आणि वाटायच्या ऐन वेळी भरा.

जुन्या विंडोजमध्ये ५०० गुणांपासून सुरुवात, प्रत्येक चालीला एक वजा, प्रत्येक संचाला १०० अधिक.

खऱ्या पत्त्यांनी एका किंवा दोन चिन्हांचा स्पायडर कसा खेळायचा? तेवढी इस्पिकं आणायची कुठून?

आणायची गरज नाही. नेहमीचेच दोन कॅट घ्या. दोन चिन्हांसाठी सगळे लाल एकच चिन्ह आणि सगळे काळे एकच चिन्ह माना. एका चिन्हासाठी चिन्हाकडे बघूच नका, फक्त आकडे. सवय एका चिन्हावर करा. चार चिन्हांचा स्पायडर भल्याभल्यांना घाम फोडतो.

पिरॅमिडमध्ये तेराच्या जोड्या कोणत्या?

या खेळात बेरीज तेरा होणारे दोन पत्ते जोडीने उचलायचे असतात: एक्का-राणी, दुर्री-गुलाम, तिर्री-दश्शी, चव्वी-नव्वी, पंजी-अठ्ठी, छक्की-सत्ती. राजा एकटाच तेरा, तो एकटा जातो. पिरॅमिडमध्ये सात ओळींत २८ पत्ते, गड्डीत २४. ज्यावर एकही पत्ता टेकलेला नाही तोच उचलता येतो. मांडल्यावर लगेच एक गोष्ट तपासा: एखाद्या दश्शीच्या अंगावर टेकलेल्या त्रिकोणातच चारही तिर्र्या असतील तर ती दश्शी कधीच सुटणार नाही. डाव पुन्हा वाटा, वेळ वाचेल.

गोल्फ आणि ट्रायपीक्स यांत फरक काय?

दोन्हींत उघड्या ढिगावरच्या पत्त्याला एकाने लहान किंवा मोठा पत्ता लावत जायचं, चिन्ह काहीही. गोल्फमध्ये सात रांगा पाच-पाच पत्त्यांच्या, सगळे उघडे. कडक नियमाने राजावर काहीच बसत नाही, म्हणून राजा पडला की साखळी तुटते. त्याला साखळीच्या शेवटी ठेवा. उरलेले पत्ते म्हणजे गुण, कमी तितके चांगले, नऊ डावांची बेरीज करतात. ट्रायपीक्स १९८९ मध्ये रॉबर्ट होग यांनी बनवला: तीन शिखरं, २८ पत्ते, आणि राजा-एक्का एकमेकांना जोडलेले. त्यामुळे साखळी पुष्कळ लांब जाते.

युकॉन, फोर्टी थीव्ह्ज हे क्लोंडाइकसारखेच का?

युकॉन दिसतो तसा, पण गड्डी नाही. पहिल्या रांगेत एक पत्ता, मग ६, ७, ८, ९, १०, ११. दुसऱ्या रांगेपासून प्रत्येकीत शेवटचे पाच उघडे. गंमत अशी की कोणताही उघडा पत्ता त्याच्यावरच्या सगळ्या लटांबरासकट उचलता येतो, ते क्रमात असो वा नसो. क्लोंडाइकला सरावलेल्यांना ही चाल सुरुवातीला दिसतच नाही.

फोर्टी थीव्ह्ज हा कडक मास्तर आहे: दोन कॅट, दहा रांगांत चार-चार, एका वेळी एकच पत्ता, त्याच चिन्हावर, आणि गड्डी एकदाच फिरते.

घड्याळ हा खेळ माझा जवळपास कधीच सुटत नाही. चुकतंय का काही?

चुकायला तिथे काही नाहीच, कारण निर्णयच नाही. तेरा ढीग चार-चार पत्त्यांचे, बारा घड्याळाच्या आकड्यांवर, तेरावा मध्ये राजाचा. जो पत्ता निघेल तो त्याच्या आकड्याखाली सरकवायचा आणि तिथला वरचा उलटायचा. चौथा राजा निघाला की खेळ संपतो, म्हणून डाव सुटायला ५२वा पत्ता राजाच असावा लागतो. ५२ मध्ये ४ राजे, म्हणजे तेरातून एकदा. मुलांना आकडे शिकवायला छान, मोठ्यांनी फार वेळ घालवू नये.

पत्ते किती पिसावेत?

सुटलेल्या डावानंतर जास्तच, कारण चारही चिन्हं एक्क्यापासून राजापर्यंत ओळीने लागलेली असतात. कॅट दोन भागांत करून कडा एकमेकांत फरफर सोडायच्या पद्धतीने सात वेळा पिसलं तर पुरेसं. हातात घेऊन वरचे खाली करत पिसणं, जे बहुतेक घरांत करतात, त्याने पत्ते गठ्ठ्यागठ्ठ्याने एकत्रच राहतात. फरफर जमत नसेल तर सगळे पत्ते सतरंजीवर पालथे पसरा, दोन्ही हातांनी मिनिटभर कालवा आणि गोळा करा.

जागा किती लागते?

नेहमीचा पत्ता सुमारे ६.३ सेंटिमीटर रुंद असतो. क्लोंडाइकच्या सात रांगांना बोटभर फटी धरून अर्धा मीटर पुरतो, स्पायडरच्या दहांना पाऊण मीटर. वर एक्क्याचे ढीग आणि खाली रांगा वाढायला जागा सोडा. आणि छताचा पंखा बंद करा किंवा अगदी मंद ठेवा. एकावर एक सरकवून ठेवलेल्या रांगा वाऱ्याने विस्कटल्या की कुठला पत्ता पालथा होता ते कोणालाच सांगता येत नाही. पावसाळ्यात कागदी पत्ते दमटून चिकटतात आणि एकाऐवजी दोन उलटले जातात. अशा वेळी प्लास्टिकचे बरे.

‘अन्डू’ वापरणं म्हणजे फसवणूक का?

फ्रीसेलमध्ये नाही. तिथे सगळं उघडं आहे, मागे आलात तर फक्त डोक्यातला हिशोब पटावर केलात. क्लोंडाइक आणि स्पायडरमध्ये पालथा पत्ता उलटून बघून मागे येणं म्हणजे दुसऱ्याचे पत्ते वाकून बघण्यासारखं आहे. पण समोर दुसरं कोणी बसलेलं नाही, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा.